शिकंज्यातला फोन

मी एक जुना फोन आहे, पण मित्रांनो, मला फोन करायला जाऊ नका. मी उचलणार नाही. माझ्या पोटात आता बॅटरी नाही, पाठ जळाली आहे आणि मी एका पुस्तक बाइंडरच्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. येणारे गिऱ्हाईक माझ्याकडे बघून हटकून विचारते, "हे काय लटकवलंय?" मग मालकांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. सांगताना ते सोयीस्करपणे दोन-चार गोष्टी गाळतात, म्हणून आज मीच सांगतो.

जिथे धुळीच्या कणालाही मज्जाव असतो अशा एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. पांढरे मोजे घातलेल्या हातांनी माझे भाग जोडले, पोटात चंदेरी वेष्टणातली चपटी बॅटरी ठेवली आणि सगळ्यात शेवटी पाठ चिकटवली. बाजारात आलो आणि लोकांनी मला डोक्यावर घेतले. जो तो माझ्याबद्दल चार ओळी लिही आणि पाच तारे देई. कोणाला माझे फोटो आवडले, कोणाला माझा रंग. ते वाचून माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. मधूनच एखादा कुरकुऱ्या एकच तारा देऊन मोकळा होई. अशा माणसांचा मला भारी राग होता. यांना घरी कोणी विचारत नसेल, असे मला वाटे.

माझ्या नशिबी मालकीणही नेमकी अशांचेच ऐकणारी आली. मालकीणबाई दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहेत. साधी छत्री घ्यायची असली तरी त्या लोकांची मते वाचतात, आणि तीही एक तारावाल्यांची आधी. त्यांचे यजमान, म्हणजे या दुकानाचे मालक, त्यांना लाडाने 'तक्रार विभाग' म्हणतात. त्यावर बाईंचे उत्तर ठरलेले. वस्तू चांगली असली तर घरी आल्यावर कळेलच. बिघडते कशी, ते आधी कळायला हवे. तेव्हा माझ्याविरुद्ध फारसे काही सापडले नाही, म्हणून त्यांनी मला घरी आणले आणि अगदी जपून वापरले.

पुढे बाईंनी नवा फोन घेतला आणि मी खाली दुकानात मालकांकडे आलो. ते दिवसही चांगले होते, हे मी मान्य करतो. गिऱ्हाइकांचे निरोप घ्यायचे, रंगीत पुठ्ठ्यांचे फोटो पाठवायचे, कपाटाखाली सुई पडली की उजेड दाखवायचा. मालकांच्या बोटांना लागलेला, पुस्तके चिकटवायचा सरस माझ्या काचेवर कायमचा बसला होता. शेजारी मालकांची आई, म्हणजे आमच्या आजी, सुईदोऱ्याने पानांचे गठ्ठे शिवत बसत. कानाला कमी ऐकू येई म्हणून त्या माझी घंटी सगळ्यात मोठी करून ठेवायला लावत, आणि सुनेच्या, म्हणजे बाईंच्या, फोनला त्यांनी वेगळी घंटी लावून घेतली होती. आणि दुकानाच्या मधोमध होता शिकंजा. खाली-वर दोन जाड फळ्या आणि वर एक लोखंडी चाक. चाक पिळले की फळ्यांमधले पुस्तक दाबले जाते. भिजून फुगलेले पुस्तक असो की वाकडा झालेला पुठ्ठा, मालकांचे औषध एकच. सरस लावा आणि शिकंज्यात घाला.

वय झाले तशी माझी बॅटरी दुपारीच मान टाकू लागली. मालकांनी रस्त्यावरून स्वस्तातला चार्जर आणला, आणि 'बॅटरी वैद्य' नावाचे एक अ‍ॅपही माझ्यात घेतले. त्याला पाचाच्या खाली तारे कोणीच दिले नव्हते. बाईंनी ती मते वाचली आणि नाक मुरडले. सगळ्यांनी एकाच शब्दांत कौतुक कसे केले, असा त्यांचा प्रश्न होता. मालकांनी तो हसण्यावारी नेला. वैद्याने आल्या आल्या नंबर, निरोप, फोटो, सगळे बघायची परवानगी मागितली. मालकांनी न वाचता 'हो, हो' दाबले. महिन्याभरात दुकानाच्या गिऱ्हाइकांना कर्ज हवे का म्हणून भलभलत्यांचे फोन जाऊ लागले. इकडे मला तो वैद्य दिवसभर आतल्या आत पळवत असे. मी तव्यासारखा तापे, आणि पडद्यावर त्याचे हिरवे हसरे तोंड सांगे, 'तब्येत उत्तम'.

तब्येत उत्तम नव्हती, मित्रांनो. माझी बॅटरी फुगत चालली होती. आधी टेबलावर ठेवले की मी थोडा डुलत असे. मग एके सकाळी बाईंनी डबा भरता भरता मला बाजूला सरकवले, तर मी भोवऱ्यासारखा गर्रकन फिरलो. त्या क्षणभर थबकल्या. पण दवाखान्याची वेळ झाली होती. त्या गेल्या. मला सांगता येत नव्हते. ज्याच्यावरून सगळे घर बोलते, त्याला स्वतःचे एक वाक्य बोलता येत नाही, हे माझे दुःख त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले.

त्याच दुपारी मालकांचे लक्ष माझ्या पाठीकडे गेले. एका कडेने ती उचलली होती. त्यांनी आधी वैद्याला विचारले. हिरवे तोंड हसले. मग त्यांनी नख घालून फट तपासली आणि आजींना म्हणाले, "पाठ सुटलीय, दुसरं काही नाही. कारखान्यातला सरस असाच असतो."

दुसरा कोणी असता तर मला दुरुस्तीला नेले असते. पण आमच्या मालकांनी आयुष्यभर सुटलेल्या पाठीच चिकटवल्या होत्या. त्यांनी फटीत काडीने सरस भरला, मला दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवले आणि शिकंज्यात सरकवले. चाकाला पहिला पीळ हलकाच दिला. सरस धरू लागला की दुसरा द्यायचा आणि तो पुरता बसत आला की तिसरा, घट्ट. ही त्यांची कायमची पद्धत.

पहिल्या पिळाला माझी काच कुरकुरली. दुसऱ्याला एक कोपरा तडकला. आतल्या बॅटरीला जायला जागा उरली नव्हती. माझ्या एका बाजूला कोऱ्या कागदांची थप्पी, दुसऱ्या बाजूला सरसाचा डबा, आणि हातभर अंतरावर आजी मान खाली घालून शिवत होत्या. त्या एकट्या भरभर उठू शकत नाहीत. मी पेटलो तर आधी कागद पेटणार आणि मग आजी, एवढेच माझ्या मनात फिरत होते.

आजींनी एकदा मान वर केली. काहीतरी गोडसर वास येतोय, असे त्या म्हणाल्या. मालकांनी सरसाच्या डब्याला झाकण लावले. वास माझ्या फुगलेल्या बॅटरीतून येत होता.

तिकडे दवाखान्यात बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. तो भोवरा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. डबा खाता खाता त्यांनी नव्या फोनवर माझे नाव शोधले आणि सवयीप्रमाणे एक तारावाल्यांपासून वाचायला घेतले. तिथे कोणा अनोळखी बाईने लिहिले होते: 'फोन टेबलावर फिरायला लागला. पाठ फुगली म्हणून मी तो जाड पुस्तकांच्या ढिगाखाली ठेवला. ढीग जळाला, टेबल जळालं. फुगलेला फोन दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका.' खाली कंपनीने आभार मानून तिला छान दिवस चिंतला होता. बाईंनी घास तसाच ठेवला. फुगलेल्या वस्तूचे आपला नवरा काय करतो, हे त्यांना वेगळे सांगायला नको होते.

बाईंनी लगेच फोन लावला. मी वाजलो. पुठ्ठ्यांमधून, फळ्यांमधून, होता नव्हता तो जीव एकवटून वाजलो. मालक म्हणाले, सरस सुकू दे, नंतर बोलतो. मी थांबलो आणि पुन्हा वाजलो. मालकांनी तिसऱ्या पिळासाठी चाकाला हात घातला होता. मी पुन्हा वाजलो.

आजींनी सुई खाली ठेवली. "ती कधी लागोपाठ फोन करत नाही," त्या म्हणाल्या. "आधी सोड ते चाक."

मालकांनी कुरकुरत चाक उलटे फिरवले, मला बाहेर काढले आणि कानाला लावले.

"अहो, फोन शिकंज्यात होता ना?" बाईंनी विचारले.

मालकांनी रिकाम्या शिकंज्याकडे पाहिले.

"कानापासून लांब धरा. दाबू नका, आपटू नका. कागदांपासून दूर, उघड्यावर न्या आणि तिथून बाजूला व्हा. आईंना आधी बाहेर काढा."

मालकांनी मला पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवले, ट्रे अंगणात फरशीवर ठेवला आणि धावत येऊन आजींना दुसऱ्या दाराने रस्त्यावर नेले. फोन चालूच होता. बाई पलीकडून विचारत होत्या, "आई बाहेर आल्या का? कोणीतरी बोला." मला तेवढेच सांगायचे होते, की हो, आल्या. पण त्याच वेळी माझ्या पोटात काहीतरी फाटले. आधी सापासारखा फुत्कार, मग धूर, मग जाळ. पडद्यावर शेवटचे दिसले ते वैद्याचे हिरवे तोंड.

माझा आवाज तुटल्यावर बाई तशाच दवाखान्याच्या कपड्यांत धावत घरी आल्या. आजी समोरच्या पायरीवर बसल्या होत्या. बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि मगच त्या रडल्या.

संध्याकाळी बाई नव्या फोनवर माझ्याबद्दल लिहायला बसल्या. तारा एकच. स्वस्त चार्जर लिहिला, वैद्य लिहिला, गोड वास लिहिला. मालक जवळ येऊन म्हणाले, शिकंज्याचे तेवढे लिहू नकोस, धंद्यात हसे होईल.

"नाही लिहिलं तर उद्या दुसरा कोणी बाइंडर घालेल," बाई म्हणाल्या.

मालकांनी कोळसा झालेली माझी पाठ एकदा पाहिली. तिच्यावर त्यांचाच सरस अजून चिकटलेला होता.

"लिही," ते म्हणाले. "बाइंडरने दाबला, असंच लिही."

तर मित्रांनो, तुमचा फोन फुगला, डुलू लागला, तापू लागला तर त्याचे ऐका. पडद्यावरच्या हसऱ्या तोंडाला विचारू नका. आणि तुमच्या हातून एखादी वस्तू बिघडली तर कशी बिघडली ते खरेखुरे लिहा, लाज वाटली तरी. त्या अनोळखी बाईला मी एके काळी कुरकुरी म्हटले असते. तिने ते लिहिले नसते तर आमच्या आजी आज शिवत बसल्या नसत्या.

बाईंनी लिहिलेले सगळे वाचून दाखवले, तेव्हा आजींनी कानामागे हात धरून ऐकले आणि त्यात एक ओळ घालायला लावली. ती अजून तिथे आहे, माझ्या एका ताऱ्याच्या खाली: 'शेवटपर्यंत वाजत राहिला.'