माझं नाक सोडून शेंदूर लावा

मी विहिरीच्या काठावरचा पंप बोलतोय. नमस्कार वगैरे राहू द्या. या घरात मला नमस्कार फार झाले, त्यातच माझा जीव चालला होता.

मी बिडाचा, ओतीव लोखंडाचा. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी रेल्वेने जळगावला उतरलो. तिथून बैलगाडीत, कडब्यात गुंडाळलेला, गिरणाकाठच्या या केळीच्या मळ्यात आलो. नासीर मिस्त्रींनी मला बसवलं, शेजारच्या इंजिनाचा पट्टा माझ्या चाकावर चढवला. माझ्या डोक्यावरच्या बारीक चावीवर बोट ठेवून ते म्हणाले, "आबा, ये हवा की चावी. पानी भरते वखत खोलने की. यहाँ से पानी टपका, तो बंद करने की."

मळ्याचे मालक चुडामण आबा. ते म्हणाले, "मले समजस. मिश्या उगाच पांढऱ्या नही व्हयन्यात." ऐकलं काहीच नाही. म्हाताऱ्या माणसांची ही जुनी खोड. मान डोलवायची आणि कान बंद ठेवायचे.

मला रोज सुरू करायच्या आधी पाणी पाजावं लागतं. पोटात हवा राहिली, तर चाक नुसतं गरगरतं, पाण्याचा थेंब वर येत नाही. पाजायचं काम आबांच्या सुनेचं, यशोदाबाईचं. सकाळी दोन घागरी ती नरसाळ्यातून ओतायची. सासऱ्यासमोर तोंड उघडायची तिला मुभा नव्हती.

पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आबांनी माझी पूजा मांडली. तेलात कालवलेला शेंदूर वाटीभर आणला आणि मला नखशिखान्त माखला. हवेच्या चावीचं भोक, म्हणजे माझं नाकही सोडलं नाही. वैशाखाचं ऊन होतं, केळीला घड लागलेले. मोट मोडलेली, बैल विकलेले. सगळी बाग माझ्याच भरवशावर.

दुसऱ्या सकाळी इंजिन धडधडलं. मी फिरलो, फिरलो, कोरडाच फिरलो. दुपारपर्यंत केळीची पानं लोंबली. आबांनी मला काठी हाणली. "हाई लोखंड भंगारमा टाका! मोट बरी व्हती." मुलगा भाईदास बापापुढे खांब होऊन उभा. यांची पूजाही यांची, काठीही यांचीच. चूक तेवढी माझी!

तेव्हा यशोदाबाई पदर ओढून पुढे आली. बोलायचं सासऱ्याशी, पण तोंड माझ्याकडे.

"काय रे बाबा, रोज दोन घागरी पेस, आज अर्धी घागरमाच तुनं पोट भरी गयं? तुना नाकमा शेंदूर कोंडाई गया शे. हवा कोठून जाई?"

आबांनीही मलाच सुनावलं, "सांग तिले, देवना शेंदूर खरडतस नही!"

"मंग सांग त्यास्ले, देवच केळीस्ले पाणी देई."

भाईदास फसकन हसला. आबांनी काठी उगारली, पण नजर बागेकडे गेली. एक घड बुंध्यासकट कललेला होता. काठी खाली आली.

तिने बांधावरचा बाभळीचा काटा मोडला आणि माझ्या नाकात घातला. फुस्स! किती वेळची कोंडलेली हवा ती. दीड घागर आणखी प्यायलो, तेव्हा चावीतून पाणी टपकलं. पट्टा चढला, आणि पाटात अशी धार पडली की भाईदास भिजला. आबा संध्याकाळपर्यंत पाटाकडे बघत बसले.

आता लढाई संपली. इतकी वर्षं सासरा-सून एकमेकांशी माझ्याच आडून बोलत आले. माझी झडप झिजलीय, तिचं चामडं बदला, एवढीच मागणी. बाकी ठणठणीत आहे.

आज आखाजी. आबा शेंदराची वाटी घेऊन आले आणि माझ्यापुढे थबकले. मला वाटलं, पुन्हा मला सांगतील, "तिले इचार."

नाही. घराकडे वळून त्यांनी हाक मारली, "यशोदा माय, कोठे लावू? तू दाखाड."

ती आली. चावीवर तिने अंगठा दाबून धरला, आबांनी भोवताली शेंदूर लावला. अंगठा उचलला, तेव्हा तेवढी जागा कोरी होती. आता त्या दोघांत माझी गरज उरली नाही. मी आपला पाणी काढतो.