खुब्यांची खाडी

पहिला दगड होडीच्या काठावर आपटला आणि दुसरा गौरवीच्या कपाळावर बसला. विनोदिनी टीचरनी मान वर केली तोवर पोरीचा डोळा रक्तानं भरला होता.

कोरगावच्या खालच्या अंगाला, खाडीच्या चिखलात ती तिघंच होती. टीचर पेडण्याच्या हायर सेकंडरीत जीवशास्त्र शिकवायच्या. संशोधनात जायचं म्हणून त्यांच्या मागे लागलेली गौरवी आणि प्रज्योत बारावीत होती. विज्ञान घेतलं की डॉक्टर नाहीतर इंजिनियर, याशिवाय तिसरी वाट असते हे आईबापांना पटवण्यात टीचरची निम्मी नोकरी गेली होती. ही दोघं मात्र न पटवताच आली. "टीचर, आमच्या खाडीतले खुबे खंय गेले?" प्रज्योतनं एकदा भर वर्गात विचारलं होतं. टीचरना उत्तर ठाऊक नव्हतं, म्हणून त्या दोघांना घेऊन खाडीत उतरल्या.

ओहोटी लागली की खुबे, म्हणजे चिखलातल्या खायच्या शिंपल्या, वेचून मोजायच्या आणि तळाची माती बाटल्यांत भरायची. चोरून रेती उपसणारे पंप चालायचे तिथे औषधालाही खुबा मिळत नव्हता. जरा दूर गेलं की मिळायचे. गौरवीनं हे विज्ञान प्रदर्शनात मांडलं, कोणीतरी त्याचे फोटो मोबाइलवर फिरवले, आणि आज सकाळी तिवरांच्या आडून पंपवाल्यांचे चौघेजण बाहेर आले.

पुढे बाबाजी होता. प्रज्योतच्याच वाड्यावरचा. शिगम्याला ह्याच माणसानं त्याला लहानपणी खांद्यावर बसवून रोंबाटाची मिरवणूक दाखवली होती.

"हंय काय मोजतंस गे बाय?" तो गौरवीला म्हणाला. "मोजूचां आसात तर आपली हाडां मोज."

टीचर मध्ये आल्या. "बाबाजी, मुलं आहेत ही. बोलायचं ते माझ्याशी बोला."

तो बोललाच नाही. हातातला गज त्यानं आडवा फिरवला. कोपराखाली काहीतरी सुकी फांदी मोडल्यासारखं वाजलं, आणि आपला हात भलत्याच दिशेला लोंबतोय हे टीचरना आधी दिसलं, दुखलं नंतर. बाकीच्यांनी होडी पालथी घातली, बाटल्या फोडल्या. एकानं गौरवीला केसांना धरून चिखलातून फरफटत नेलं. ती किंचाळली तसा त्यानं तिच्या तोंडात चिखल कोंबला.

प्रज्योत इतका वेळ खिळल्यासारखा उभा होता. बाबाजीनं टीचरवर पुन्हा गज उगारला, तेव्हा त्यानं वल्हं उचललं आणि दोन्ही हातांनी त्याच्या गुडघ्यावर हाणलं. बाबाजी पाण्यात कोसळला. दुसरा घाव पाठीवर पडला. मग वल्हं टाकून प्रज्योत त्याच्यावर बसला आणि त्याचं डोकं पाण्याखाली दाबलं.

बांधापलीकडे शिंपल्या काढणाऱ्या बायका आरडाओरडा करत, कोयते घेऊन धावल्या. तिघे गुंड पळाले. बाबाजीचे हात पाण्यावर फटाफट आपटत होते. मग हळू आपटू लागले. मग थांबले.

"प्रज्योत! सोड त्याला!"

त्यानं ऐकलं नाही. त्याचा चेहरा शांत होता, आणि त्या शांतपणाची टीचरना गजापेक्षा जास्त भीती वाटली. मोडका हात छातीशी धरून त्या त्याच्यावर पडल्या. त्याचे हात सुटेनात. शेवटी त्यांनी त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत. तेव्हा कुठे पकड ढिली झाली.

बायकांनी बाबाजीला ओढून काठावर घातलं. गौरवी एक डोळा मिटूनच त्याच्या छातीवर दाब देत राहिली. बऱ्याच वेळानं तो ओकला आणि श्वास घेऊ लागला.

"कित्याक वाचयला ताका?" प्रज्योत ओरडला. "टीचर, कित्याक?"

म्हापशाच्या इस्पितळात, जबाब घ्यायला पोलीस यायच्या आधी, प्रज्योतचे वडील गोकुळदास टीचरच्या खाटेशी आले. त्यांनी हात जोडले. "टीचर, झटापटीत तो पडला, एवढंच सांगा. बंगळुरूच्या संशोधन शिबिरात निवड झाली आहे त्याची. तुम्हीच अर्ज करवून घेतला होता ना?"

खोटं सोपं होतं, आणि कोणी टीचरना दोष दिला नसता. पण पोलीस आले तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. दगड, गज, गौरवीचे केस. आणि बाबाजीचे हात थांबल्यावरही प्रज्योतनं त्याला सोडलं नव्हतं, हेही.

दाराशी उभा असलेला प्रज्योत ते ऐकून निघून गेला.

शिबिर हुकलं. बाल न्याय मंडळानं त्याला समुपदेशनाला पाठवलं आणि वर्षभर देखरेखीखाली ठेवलं. बाबाजी आणि त्याचे साथीदार तुरुंगात गेले. उलटतपासणीत बाबाजीच्या वकिलानं टीचरना खूप खेचलं, पण ज्या बाईनं स्वतःच्या विद्यार्थ्याचंही लपवलं नाही, तिचा शब्द खोटा पाडता आला नाही. पंपांना सील लागलं. गौरवी कपाळावरच्या टाक्यांसह बंगळुरूच्या त्याच शिबिराला जाऊन आली. प्रज्योत रस्त्यात दिसला की टीचरना बघून दुसऱ्या बाजूला जाई.

पुढच्या वर्षी चतुर्थीनंतर एका दुपारी तो त्यांच्या घरी आला. बसला नाही.

"तो मरतोय हे मला कळत होतं," तो म्हणाला. "आणि बरं वाटत होतं. कोणाला सांगितलं नाही मी हे. असला माणूस संशोधनात चालतो, टीचर?"

टीचरचा हात अजून पुरता सरळ होत नव्हता. त्यांनी तो मांडीवर ठेवला. "गज लागला तेव्हा बाबाजी मेला तर बरं, असं मलाही वाटलं होतं. तुला चावले ती तुझ्यासाठी. त्याच्यासाठी नव्हे."

प्रज्योतनं मनगटावरचा वण अंगठ्यानं चोळला.

"संशोधन संस्थांच्या मुलाखतीत विचारतील, गेलं वर्ष कुठे होतास," टीचर म्हणाल्या. "घडलं ते सांग. एखादी संस्था नाकारेल. मग दुसरीकडे अर्ज कर. तिथेही नाकारलं तर तिसरीकडे. मी शिफारस लिहीन, पण त्यातही काही लपवणार नाही."

तो भिंतीला टेकून खाली बसला आणि दोन्ही तळहातांत तोंड लपवून रडू लागला. टीचरनी त्याला थांबवलं नाही. रडणं ओसरल्यावर त्यांनी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

"चल," त्या म्हणाल्या, "पहिला अर्ज भर."