शिवकन्या सिस्टरची पदवी मी पाहिली

मित्रांनो, बीडच्या एका नर्सिंग कॉलेजात खिडकीजवळच्या पलंगावर मी झोपलेली असते. मी माणसाएवढी रबरी बाहुली आहे, आता बरीच जुनी. लाकडी खोक्यातून इथं आले तेव्हा मुली मला घाबरायच्या. मग त्यांनीच माझं नाव कडूबाई ठेवलं आणि त्यांची भीती गेली. माझ्या दंडावर त्या सुई टोचायला शिकल्या. माझी छाती दाबून, थांबलेलं हृदय कसं चालू करायचं ते शिकल्या.

त्यांत नेकनूरची शिवकन्या होती. आईवडील ऊसतोडीला गेलेले, ही वसतिगृहात. तीन वर्षांचा डिप्लोमा करून ती सरकारी दवाखान्यात नोकरीला लागली. आता काही ती दिसायची नाही, असं मला वाटलं.

सोळा वर्षांनी ती परत आली, रजा काढून, पदवी घ्यायला. कामात तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. पण पुस्तकं सगळी इंग्रजी. पहिल्याच वर्षी ती एका विषयात नापास झाली.

निकाल कळला तेव्हा ती माझ्या पलंगाच्या कडेला बसून राहिली. तिच्या सासू, रुक्मिणीबाई, डबा घेऊन आल्या होत्या.

"आत्याबाई, मी कामावर परत जाते. माझ्यानं न्हाई व्हायचं," शिवकन्या म्हणाली.

रुक्मिणीबाईंनी डबा माझ्या पायाशी ठेवला. "दवाखान्यात लोकं तुझ्या हाताला लई गुण हाय म्हणत्यात. मग पुस्तकाला कावून भ्यायलीस? घरचं मी बघते. तू पेपर दे."

दुसऱ्या दिवसापासून शिवकन्या वर्ग भरायच्या आधीच यायला लागली. सोबत प्रणिता असे, वर्गातली सगळ्यात लहान मुलगी. प्रणिता इंग्रजी वाक्य वाची आणि शिवकन्या ते माझ्या अंगावर करून दाखवी. एकीची भाषा सुधारली, दुसरीचा हात.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नसेल तर काय कराल, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. शिवकन्येचे हात माझ्या पोटावर चालू लागले. ती इंग्रजीतच बोलत होती, सावकाश, पण न थांबता. प्रत्येक गोष्टीचं कारणही तिनं सांगितलं.

"किती वर्षं हे काम करता?" त्यांनी मराठीत विचारलं.

"सोळा वर्षं करतेच आहे, सर. का करायचं, ते इथं शिकले."

राहिलेल्या विषयासकट ती पास झाली, आणि शेवटच्या वर्षी कॉलेजात पहिली आली. मग तिनं एम.एस्सी. केलं. तोवर इथं विजेवर चालणारा नवा पुतळा आला होता. मला अडगळीत टाकलं, माझा कान उंदरांनी कुरतडला, कोपर फाटलं. शिवकन्या इथंच शिक्षिका म्हणून आली, तेव्हा तिनं मला बाहेर काढलं आणि कोपराला सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतात तसं ठिगळ लावून घेतलं.

यंदा तिच्या वर्गात नोकरी करणाऱ्या अकरा सिस्टर होत्या. अकराही जणी पदवीधर झाल्या. रुक्मिणीबाई स्वतः पेढे वाटत फिरल्या. एक पेढा त्यांनी माझ्या रबरी तळहातावरही ठेवला, आणि सगळा वर्ग हसला.

मित्रांनो, शिकवणाऱ्या जुन्या वस्तूंना जपा. आणि तुमच्या घरात आई, काकू, वहिनी कुणी मोठ्या वयात पुस्तक उघडून बसली, तर दूरदर्शनचा आवाज कमी करा आणि तिच्या वाटची भांडी घासून टाका. तिला तेवढा वेळ मिळाला, की बाकीचं ती करून दाखवते. मी पाहिलं आहे.