पायाशी धरलेला हात

हंबीररावांचा डावा पाय एका जागी ठरत नसे. तीस वर्षं पन्हाळ्याच्या चढणीवर एसटी हाकली. क्लच दाबून दाबून पायात जो कंप शिरला, तो निवृत्तीनंतरही निघाला नाही.

लघवीचा त्रास वाढला, रक्ताच्या तपासणीत प्रोस्टेटचा आकडा चढलेला निघाला आणि डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. हंबीरराव महिनाभर टाळत राहिले. शेवटी त्यांच्या बायको बनाबाईच म्हणाल्या, "थोरलं भावजी असंच बघू बघू म्हणत गेलं. चला."

थोरला भाऊ ज्ञानू शाहूवाडीत भातशेती करायचा. त्याचा प्रोस्टेटचा कॅन्सर कळला तेव्हा तो हाडात उतरला होता. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

तपासणी करणाऱ्या कामिलनं त्यांना फळीवर निजवलं, कानावर हेडफोन चढवले. "मामा, अर्धा तास हालायचं न्हाय. हाललं की चित्र पुसटतंय."

फळी बोगद्यात सरकली. यंत्र ठोके देऊ लागलं. थोड्या वेळानं कामिलचा आवाज आला, "पाय हालतोय, मामा. परत घ्यावं लागंल."

"मी कुठं हालवतोय? त्यो आपणच हालतोय."

ठोके पुन्हा सुरू झाले, आणि कुणीतरी त्यांचा डावा घोटा धरला. हात खरबरीत होता, ऊबदार होता. पाय जागच्या जागी थांबला. बरं झालं, पोरगं आत आलं, असं हंबीररावांना वाटलं.

तेवढ्यात कानात कामिल बोलला, "आता झ्याक. असंच ऱ्हावा." त्याच्यामागं काचेपलीकडच्या खोलीतल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

हंबीररावांच्या अंगावर काटा आला. मान उचलायची सोय नव्हती. घोट्यावरची बोटं त्यांनी मनात चाचपली. अंगठा, आणि तीन बोटं. करंगळीच्या जागी नुसता खुंट. ज्ञानूची करंगळी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली होती.

ते डोळे मिटून पडून राहिले. यंत्र थांबलं तसा हात सुटला.

"आत कोण आलतं?" बाहेर येताच त्यांनी विचारलं.

"कोण न्हाय. दार बंद हाय की, मामा."

बाकावर बसून त्यांनी मोजे चढवले. उजवा पाय गार पडला होता. डावा घोटा ऊबदार होता.

डॉक्टरांनी चित्रं दाखवली. पहिल्यात नुसता धूर. दुसऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा काळा ठिपका. "पाय हलला असता तर हा सापडला नसता," ते म्हणाले. नेमका तिथलाच तुकडा काढून तपासला. कॅन्सर होता, पण ग्रंथीच्या बाहेर गेला नव्हता. ऑपरेशन झालं, निभावलं.

दोन महिन्यांनी हंबीरराव शाहूवाडीला गेले. ज्ञानूचा मुलगा विश्वजित आता सत्तेचाळीस वर्षांचा होता.

"रक्त तपासून घे."

"मला काय झालंय, तात्या?"

"काय न्हाय. तवाच बघायचं असतंय. तुझ्या बापाचं, आण्णाचं सांगणं हाय म्हण."

विश्वजितनं त्यांच्याकडं बघितलं. मग खुंटीवरचा सदरा काढायला उठला.