पंचेचाळीसची मुरड

जर्मनीतल्या गेर्लिंगेनला येऊन चारुदत्त सबनीसला अकरा वर्षं झाली, आणि अकरा वर्षांत एकाही जर्मन माणसाने त्याला ‘डू’ म्हटलं नव्हतं. डू म्हणजे तू. ऑफिसात हेर सबनीस, म्हणजे श्रीयुत सबनीस, बेकरीत हेर सबनीस, शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या तरी हेर सबनीस, आणि पुढे ‘झी’, म्हणजे तुम्ही. पहिली दोन वर्षं त्याला हा मान वाटला. पुढे तो मान दाराबाहेरच्या पायपुसण्यासारखा वाटायला लागला, पाय पुसा आणि तिथेच थांबा म्हणणारा. आपण गोष्टीपुरतं त्याला ‘तो’च म्हणू, तेवढंच त्याला बरं वाटेल.

डू मिळवायचंच असं मनावर घेऊन २०१३ साली तो तिथल्या शुत्सेनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजांच्या क्लबात दाखल झाला. बंदुकीशी त्याचा संबंध जत्रेत फुगे फोडण्यापुरता, आणि तेही फुगे फारसे फुटले नव्हते. पण क्लबात सगळे एकमेकांना डू म्हणतात, असं त्याने ऐकलं होतं. ते खरंच होतं, फक्त हे सुख पक्क्या मेंबरांचं होतं. नव्या माणसाने वर्षभर नेम धरावा, झाडू मारावा आणि झी ऐकून घ्यावं. कोण कधी पक्का झाला हे ठरवायचे हेर हेबर्ले. वय बहात्तर, पांढऱ्या मिशा, उभा जन्म साचे बनवण्यात घालवलेला मास्टर कारागीर. ते चारुदत्तला ‘हेर इंजेनिअर’ म्हणत, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती हे त्याला कधी कळलं नाही.

क्लबच्या तळघरात काडतुसं पुन्हा भरायची खोली होती. जुने मेंबर झाडलेल्या पुंगळ्या टाकून देत नसत, रीतसर परवाना काढून त्या पुन्हा भरत. सगळ्यात शेवटी पुंगळीचं तोंड गोळीभोवती दाबून पक्कं करायचं. त्याला क्रिम्प म्हणतात, आणि ते दाबणाऱ्या साच्याला तिथेही चारुदत्तच्या भोसरीच्या जुन्या कारखान्यासारखंच डाय म्हटलेलं चालतं. चारुदत्तची सगळी नोकरी क्रिम्पवर गेली होती. मोटारीतल्या वायरींच्या टोकांना टर्मिनल दाबून बसवायचं, हेच त्याचं काम.

“हेर सबनीस,” एका शनिवारी हेबर्ले म्हणाले, “आमची क्रिम्पची डाय झिजलीय. दी फ्युन्फउंडफिअर्त्सिगरसाठी नवी कोणती घ्यायची ते तुम्हीच ठरवा.”

चारुदत्तला आकाश ठेंगणं झालं. आकडाही त्याने बरोबर ऐकला होता. जर्मन माणूस आपल्यासारखाच आधी पाच म्हणतो, मग चाळीस. पंचेचाळीस हे नळीचं माप, म्हणजे क्लबातलं ते दांडगं रिव्हॉल्व्हर, जे एकदा झाडल्यावर त्याचं मनगट दोन दिवस दुखत होतं. घोटाळा त्या ‘दी’मध्ये होता. जर्मनमध्ये दी एकीलाही लागतं आणि अनेकींनाही. चारुदत्तने ती एकच धरली.

पुढचे सहा आठवडे त्याने एक्सेलला वाहून घेतलं. डाय दोन जातींच्या होत्या. एक पुंगळीची कड आत वळवणारी, दुसरी तोंड सगळीकडून हलकेच आवळणारी. त्यांची त्याने अकरा निकषांवर तुलना केली, प्रत्येक निकषाला वजन दिलं आणि हिरवे-पिवळे-लाल रंग भरले. दिवाळी तोंडावर आली होती. अरुंधती, त्याची बायको, सकाळी किंडरगार्टनमधलं अर्ध्या दिवसाचं काम आटोपून दुपारी करंज्यांना बसायची. त्याच ओट्याच्या टोकाला याचा लॅपटॉप असायचा.

“अहो, म्हणजे तोंड बंद करायचं, एवढंच ना?” तिने विचारलं.

“एवढंच नाही. टॉलरन्स आहे, रिपीटेबिलिटी आहे.”

“असेल. ही बघा मुरड.” तिने करंजीची कड बोटांनी आत वळवत नेली. “आणि घाईत असलं की नुसतं दाबायचं नि कातणं फिरवायचं. पण आत काय भरलंय आणि पुढे काय करायचंय ते आधी विचारावं लागतं. तळायचीय की वाफवायचीय?”

“आल्झो,” तो जर्मन थाटात म्हणाला, “माझे ऑलरेडी अकरा क्रायटेरिया आहेत.”

बाराव्याला एक्सेलमध्ये जागा होती. पण बायको करंजी वळता वळता सांगते म्हणून कॉलम वाढवणं त्याला प्रशस्त वाटेना.

क्लबात त्याने चौतीस स्लाइड दाखवल्या. सात-आठ मेंबर हाताची घडी घालून बसले होते, आणि कोणी मध्ये बोललं नाही, हे त्याला शुभ वाटलं. शेवटच्या स्लाइडवर कड वळवणारी डाय शंभरपैकी सत्त्याऐंशी पूर्णांक चार गुण मिळवून विजयी झाली.

“सुंदर,” हेबर्ले म्हणाले. “आणि पिस्तुलाचं काय?”

“कुठलं पिस्तूल?”

मग त्यांनी कपाटातून दोन काडतुसं काढून टेबलावर उभी केली. दोन्ही पंचेचाळीसच. एक लांब, रिव्हॉल्व्हरचं, दुसरं बुटकं, पिस्तुलाचं. रिव्हॉल्व्हरच्या धक्क्याने बाकीच्या घरांतल्या गोळ्या पुढे सरकू नयेत म्हणून तिथे कड आत वळवायची. पिस्तुलात पुंगळीच्या तोंडाची कडच नळीतल्या पायरीवर टेकते, ती वळवली तर टेकणार काय, म्हणून तिथे नुसतं आवळायचं. एकाची डाय दुसऱ्याला चालत नाही. चौतीस स्लाइडींत चारुदत्तने सगळं सांगितलं होतं, फक्त कुठल्या हत्यारासाठी, एवढं विचारलं नव्हतं. मेंबर हसले. त्याचे कान तापले आणि भोसरीला परत जावंसं वाटलं.

पण हेबर्ले हसले नाहीत. त्यांनी दोन ग्लासांत मोस्ट ओतली, ती तिकडची सफरचंदाची आंबट दारू, आणि एक ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

“चुका इथे सगळ्यांनी केल्यात,” ते म्हणाले. “पण एका चुकीवर इतक्या मनापासून सहा आठवडे खपणारा माणूस आमच्यातलाच.” आणि त्यांनी ग्लास उचलला. “इश बिन डेअर ऑयगन.”

मी ऑयगन. डू असंच दिलं जातं. मोठ्याने आपलं पाळण्यातलं नाव सांगायचं, धाकट्याने ग्लासला ग्लास लावून आपलं सांगायचं. चारुदत्तने फक्त ‘चारू’ म्हणायचं होतं. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते वीतभर अंतरावर आलं होतं. आणि समोर बहात्तर वर्षांचा, पांढऱ्या मिशांचा माणूस होता. चारुदत्तने जन्मात कधी वडिलांना तू म्हटलं नव्हतं.

“आभारी आहे, हेर हेबर्ले,” त्याच्या तोंडून निघालं. “पण हे माझ्याच्याने व्हायचं नाही. तुम्ही मला वडिलांच्या जागी.”

पुण्यात एवढ्या बोलण्यावर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. गेर्लिंगेनच्या त्या टेबलावर त्याचा अर्थ इतकाच झाला की पुढे केलेला हात या माणसाने परतवला, वर म्हाताराही ठरवलं. खुर्च्या करकरल्या. हेबर्ले आपला ग्लास एकट्यानेच प्यायले.

“तुमची मर्जी,” ते म्हणाले. ‘तुमची’ स्पष्ट ऐकू आलं.

त्या गोंधळात लॅपटॉपचा चार्जर क्लबातच राहिला. पुढच्या शनिवारी बरोबर दहा वाजता हेबर्ले तो घेऊन दारात उभे. आत यायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण दार उघडलं अरुंधतीने, कोपरापर्यंत मैद्याने माखलेल्या हातांनी.

“कोम राइन, डू,” ती म्हणाली. ये आत. किंडरगार्टनमध्ये मुलं, त्यांचे आजोबा आणि मुख्य बाई, सगळ्यांना डूच चालायचं. तिच्या जर्मनमध्ये दुसरं काही फारसं नव्हतंही.

हेबर्ले आत आले. मी ऑयगन, मी अरुंधती, एवढं झालं. ओट्यावरची मुरडलेली करंजी त्यांनी उचलली, चष्मा कपाळावर चढवून कड न्याहाळली आणि कोट काढला. पुढचा तासभर क्लबचे सर्वेसर्वा सबनीसांच्या स्वयंपाकघरात मुरड घालत बसले. पहिल्या तीन तेलात उकलल्या. अरुंधती त्यांना रागावली, ऑयगन, तू घाई करतोस म्हणाली, आणि ते चौथीला नीट बसले. चारुदत्त फ्रिजला टेकून चार्जरची वायर गुंडाळत आणि उलगडत होता.

“येतो मग, अरुंधती,” निघताना ते म्हणाले. “पुढच्या शनिवारी बोलावलंस तर माझं लाटणं घेऊन येईन.” मग वळून, मान किंचित लववून, “आउफ वीडरझेएन, हेर सबनीस.”

दार लागलं.

“तू त्यांना डू कशी म्हणालीस?” त्याने विचारलं.

“मग काय म्हणू? मामासारखे वाटले. मामाला कोणी अहो-जाहो करतं का?”

म्हातारा एकच. याने त्याला वडील करून ठेवलं, तिने मामा. चारुदत्तला स्वतःचाच राग आला. आई दोन वर्षांपूर्वी गेली तेव्हापासून ‘चारू, तू जेवलास का’ म्हणणारं कोणी उरलं नाही, हेही त्याला तिथे मैद्याच्या पसाऱ्यात पहिल्यांदाच लख्ख कळलं.

“अरुंधती,” तो म्हणाला, “तू तरी मला तू म्हण ना.”

तिचा झारा थांबला. चेष्टा नाही, हे तिने ओळखलं. अठरा वर्षांपूर्वी सासूबाईंसमोर सुरू झालेलं अहो या जोडप्याच्या पाठोपाठ जर्मनीपर्यंत आलं होतं, आणि ते काढता येतं हे दोघांच्याही कधी मनात आलं नव्हतं. तिने गॅस बारीक केला. तेलातली करंजी उलटली.

“तू,” ती शेवटी म्हणाली, आणि पुढचा शब्द बराच वेळ शोधून, “तू चहा घेता का?”

“घेतो,” तो म्हणाला.