मेट्रनबाईंचा पासवर्ड

“बाई, या डब्याला आज सकाळी कुणी हात लावला होता का?”

वायरवाला स्टुलावर चढून मेट्रनबाईंच्या कपाटावरच्या राउटरवर वाकला होता. विद्यापीठाच्या नेटवर्क खात्यात त्याचा काहीतरी भारदस्त हुद्दा होता, पण मुलींच्या वसतिगृहात त्याला सगळे वायरवालाच म्हणत. दारात मुलींचा हा एवढा घोळका. सकाळपासून साऱ्या इमारतीचे नेट बंद पडले होते आणि प्रकल्प पाठवायचा शेवटचा दिवस नेमका आजच होता.

“मीच लावला,” मेट्रनबाई म्हणाल्या. “धूळ साचली होती. रोज बहिणीशी बोलते याच्यावरून, म्हणून पुसला आणि होता तसा ठेवला.”

“वायर काढली होती?”

“वायर काढल्याशिवाय पुसायचा कसा?”

“आणि परत लावताना ती या निळ्या भोकात न घालता पिवळ्यात घातलीत.”

“निळं एकच आहे, पिवळी चार आहेत. म्हटलं चारांतलं कुठलंही चालत असेल. बसली की नीट! टक्कन आवाजसुद्धा आला.”

दारात खसखस पिकली. वायरवाल्याने कपाळाला हात लावला, पण तोही हसत होता.

“अहो, निळ्यात वायर असली की हा डबा गुपचूप तुमच्यापुरतं काम करतो. पिवळ्यात गेली की याला वाटतं, आपणच इथले मालक. मग इमारतीतल्या सगळ्या कॉम्प्युटरना हाच नेटचे पत्ते वाटत सुटतो. सगळे खोटे. ज्याला मिळाला तो अडकला.”

“म्हणजे मी बंद पाडलं सगळं?”

“तुम्ही नाही. तुमच्या फडक्यानं.”

आता मेट्रनबाईही हसल्या. वायरवाल्याने वायर काढून निळ्या भोकात घातली, डबा बंद करून चालू केला, आणि थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरून आरोळी आली, “आलं, आलं!”

हा डबा मेट्रनबाईंच्या खोलीत आला तो झिपरीमुळे. झिपरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची शेवटच्या वर्षाची मुलगी. केसांना कधी कंगवा लागलेला नसायचा, म्हणून मेट्रनबाईंनीच तिला ते नाव दिले होते. पहिल्या वर्षी तिला कावीळ झाली तेव्हा मेट्रनबाई तिच्या उशाशी बसून होत्या. घरी कळवू नका, आई घाबरेल, असे ती म्हणाली, तर त्यांनी वैद्यकीय अधिकाऱ्याशी भांडून तिला इथल्याच आजाऱ्यांच्या खोलीत ठेवून घेतले. त्या खोलीत किती मुलींनी तापात काय काय सांगितले असेल! कुणाचे कुणावर मन बसले, कुणाचा बाप घर सोडून गेला. पुढे त्याच मुली नवऱ्याला, पोरांना घेऊन भेटायला यायच्या आणि मेट्रनबाई मुलांच्या हातावर लिमलेटच्या गोळ्या ठेवत साळसूदपणे विचारायच्या, “काय गं, आई-बाबा बरे आहेत ना?” ऐकलेले कधी त्यांच्या ओठांवर आले नाही.

मेट्रनबाईंची खोली तळमजल्यावर, कोठीच्या मागे. भिंती अशा जाड की फोनला तिथे रेंजच नसे. धाकटी बहीण मुलाकडे दूर देशी राहायला गेली आणि वर्षभरात तिला विसर पडू लागला. नुसत्या आवाजावरून ती ताईला ओळखेनाशी झाली. चेहरा दिसला की मात्र लख्ख हसायची, “ताई, केस किती पांढरे झाले गं तुझे!” म्हणून मेट्रनबाई रोज संध्याकाळी फोन हातात घेऊन जिन्याखाली नेट शोधत उभ्या राहायच्या. झिपरीने ते पाहिले.

“असं काय भिकाऱ्यासारखं उभं राहायचं मावशी? भिंतीत वायरचं भोक आहे ना तुमच्या खोलीत? माझ्याकडे डबा आहे. तुमच्या नावावर नोंदवून देते. स्वतःपुरता वापरायला परवानगी असते.”

आणि तिने खरेच दिला. पलंगावर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, मधेच नखे खात ती सगळे करत होती.

“आता पासवर्ड सांगा. तुम्ही कधी विसरणार नाही असा. आणि दुसऱ्या कुणाला सुचणार नाही असा.”

मेट्रनबाईंनी उशीचा अभ्रा नीट केला. मग म्हणाल्या, “चिमटी.”

“म्हणजे?”

“माझी मुलगी.”

झिपरीची बोटे थांबली. मेट्रनबाईंना मूल होते हे वसतिगृहात कुणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी सांगितले तेही थोडक्यात. दिवस भरायच्या आधीच झाली. सुईणीने ओंजळीत आणून दाखवली आणि म्हणाली, ही तर चिमटीत मावेल. कागदावर निराळे नाव होते, घरात चिमटी. दात यायच्या आतच गेली. नवरा त्याआधीच गेलेला. तिला मांडीवर घेतलेली माणसे आता दोनच उरली होती, मेट्रनबाई आणि ती बहीण. आणि बहिणीला आता कधी आठवे, कधी नाही.

झिपरीने त्यांचा हात हातात घेतला. थोड्या वेळाने नाक ओढत म्हणाली, “इंग्रजीत सहाच अक्षरं होतात मावशी. कमीत कमी आठ लागतात. आधी ‘माझी’ लावू?”

“लाव,” मेट्रनबाई म्हणाल्या.

त्यानंतर अधूनमधून फोन तो शब्द पुन्हा मागायचा. झिपरीला त्याचा राग यायचा, मेट्रनबाईंना नाही. एका बोटाने एकेक अक्षर दाबताना त्या मनातल्या मनात ते म्हणत. इतक्या वर्षांत त्या नावाला काही काम उरले नव्हते. आता होते.

“एकदा आत शिरून तपासतो,” वायरवाला स्टुलावरून उतरत म्हणाला. “पासवर्ड सांगा.”

मेट्रनबाईंनी दाराकडे पाहिले. “पोरींनो, जरा लांब व्हा बघू. तमाशा आहे का इथे?”

मुली दोन पावले मागे सरल्या. मेट्रनबाई वायरवाल्याच्या कानाशी वाकल्या. एवढ्यात यंदाच आलेली, जिचे नावही अजून त्यांच्या तोंडी बसले नव्हते अशी एक मुलगी दारातून म्हणाली, “माझीचिमटी. सगळं जोडून, लहान अक्षरांत.”

बिचारी मदत करत होती.

“शेवटी आय हं काका, वाय नाही,” मागून दुसरी म्हणाली.

“ए, मी परवापासून वाय टाकतेय! म्हणून लागत नाही होय?”

मेट्रनबाई वाकल्या होत्या तशाच राहिल्या. मग सावकाश उभ्या राहिल्या.

“तुला कुणी सांगितलं?”

“सगळ्यांनाच माहितीये मावशी,” ती मुलगी गोंधळली. “तुमची मांजर होती ना ती?”

वायरवाला आपल्या लॅपटॉपमध्ये डोके घालून बसला होता. त्याला यातले काहीच कळले नाही. “बाई, अर्धं वसतिगृह बसलंय तुमच्या डब्यावर! तुमचं बोलताना चित्र अडकत नाही?”

अडकायचे. बहिणीचा चेहरा अर्धवट हसता हसता थिजायचा, तोंड उघडे राहायचे. दूर देश आहे, व्हायचेच, असे मेट्रनबाईंना वाटे.

“झिपरीला बोलवा,” त्या म्हणाल्या.

ती घोळक्यातच मागे उभी होती. कुणीतरी तिला पुढे ढकलले. मेट्रनबाईंनी तिला आत घेतले आणि बाकीच्यांच्या तोंडावर दार लावले.

“मावशी, वरचं नेट रात्री बंद करतात. तुमचं चालू असतं, भिंती जाड असल्या तरी छतातून वर येतं. मी फक्त माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला दिला होता, आईशपथ. तिनं पुढे दिला.”

“मांजर कुणाची?”

झिपरी नख खाऊ लागली.

“मी विचारतेय, मांजर कुणाची?”

“त्या विचारायला लागल्या, चिमटी कोण म्हणून. मग काय सांगणार होते मी? खरं सांगायचं नव्हतं ना. म्हणून मांजर म्हटलं. तुमचंच गुपित राखलं मावशी मी! कोण ते कुण्णाला नाही कळलं. नुसता शब्द तर दिला.”

“नुसता शब्द,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“बदलता येतो हो. दोन मिनिटांचं काम. मी आत्ता बदलून देते.” तिने वायरवाल्याच्या लॅपटॉपकडे हात नेला. मेट्रनबाईंनी तो मनगटाशी धरला आणि बाजूला केला. जोर न लावता. तापात पांघरूण फेकणाऱ्या मुलीचा हात धरावा, तसा.

“तू जा. तुझा प्रकल्प पाठवायचाय ना.”

“तुम्ही रागावलात.”

“जा म्हटलं ना.”

दार उघडले तशी झिपरी निघून गेली. तिला रडू येत होते की सुटल्यासारखे वाटत होते, हे तिच्या पाठीवरून कळले नाही. बाहेर कुणीतरी विचारत होते, “काय म्हणाल्या गं? बदलणार का पासवर्ड?”

वायरवाला चुळबुळत होता. “बाई, मी वर काही कळवत नाही. डबा नोंदलेला आहे, चूक फडक्याची. पासवर्ड तेवढा बदलू. सांगा, काय ठेवू? तुमच्या जवळचं काहीतरी सांगा, म्हणजे लक्षात राहील.”

मेट्रनबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांनी खरेच विचार केला. त्याने एकदा घड्याळ पाहिले, नंतर उगाचच वायर गुंडाळून पुन्हा सोडली.

“नाही हो,” शेवटी त्या म्हणाल्या. “दुसरं काही नाही माझ्याकडे.”

“अहो, काहीही चालतं. गावाचं नाव, भाजीचं नाव…”

“काढून टाका.”

“पासवर्ड?”

“डबा. ज्या मुलीचा आहे तिच्या खोलीत देऊन टाका.”

“मग बहिणीशी कसं बोलणार?”

“बघेन,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी जिन्याखाली नेट मिळेना, म्हणून मेट्रनबाई फाटकापाशी गेल्या. तिथे रेंज चांगली यायची, पण नुसत्या आवाजापुरती. मुली बाहेरून परतत होत्या. प्रकल्प गेल्याच्या आनंदात सगळ्या मोठमोठ्याने बोलत होत्या. भाच्याने फोन उचलून बहिणीच्या हातात दिला.

“हॅलो,” बहीण म्हणाली. “कोण बोलतंय?”

“मी आहे.”

“मी कोण? चेहरा दिसत नाही तुमचा.”

“आज नाही दिसायचा. वसतिगृहातून बोलतेय.”

“अगंबाई, वसतिगृहातून का?” बहिणीचा आवाज एकदम उजळला. “आमची ताई असते तिथे. जरा बोलावता का तिला? म्हणावं, बहिणीचा फोन आहे.”

झिपरी मैत्रिणींबरोबर फाटकातून आत आली. मेट्रनबाईंना पाहून थबकली. हाताने केस सारखे करत काहीतरी बोलणार होती. मेट्रनबाईंनी तिला वाट देण्यासाठी अंग चोरले आणि रस्त्याकडे तोंड केले.

“बोलावते हं,” त्या फोनमध्ये म्हणाल्या.

मागची पावले आत जाईपर्यंत त्या थांबल्या. पलीकडे बहीण मुलाला सांगत होती, बोलावतायत, बाई चांगल्या आहेत. मग मेट्रनबाईंनी घसा साफ केला, आणि धावत आल्यासारखा श्वास घेऊन म्हणाल्या, “हां, बोल गं. मी ताई.”