भावाची जागा

रुपरावाचा हट्ट वाईट, हे त्याच्या बायकोला, सुभद्राला, लग्नाच्या चौथ्या दिवशीच कळलं होतं. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका पोस्टानं आली, अक्षता घेऊन घरी कुणी आलं नाही. एवढ्यावरून हा गडी सख्ख्या थोरल्या भावाच्या, चंपतरावाच्या, मांडवात फिरकला नाही. उन्हाळा गेला, दिवाळी गेली, दोघांत शब्द नाही.

पण पौषातली यात्रा आली आणि रुपराव आतून हलला. शहरात, रामदासपेठेतल्या कचेरीतून सात दिवसांची रजा काढून, ताडपत्री आणि भांडीकुंडी एसटीच्या टपावर टाकून तो बायकोसह कळमेश्वरकडच्या देवळामागच्या माळावर येऊन पडला. वडिलांच्या वेळेपासून दोघा भावांच्या राहुट्या तिथल्या चिंचेखाली लागून असत, आणि कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या एकाच आरात भाजले जात. यंदाही त्यानं शेजारची जागा भावासाठी राखली. चुलीचे तीन दगड मांडले, भोवती राखेची रेघ ओढली. भाऊ आला की आधी आपण बोलायचं, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. बैलबंड्या, ट्रक, पोरं, धूर. जो तो त्या रिकाम्या तुकड्यावर डोळा ठेवी आणि रुपराव त्याच्या अंगावर धावून जाई. पहिल्याच दिवशी त्यानं सात बिऱ्हाडं हाकलली. आठवी एक कोवळी बाई आली, डोक्यावर पदर, काखेत गाठोडं.

"कोणाची वं तू?"

"इथंच उतराले सांगितलं."

"कोणं सांगितलं? नाव सांग!"

"घरच्या मोठ्या माणसाइनं," ती पुटपुटली आणि खाली वाकू लागली.

गाठोडं टेकवते आहे असं वाटून तो कडाडला, "ठेवू नको! माह्या भावाची जागा हाय. चाल, नीघ!"

ती रडतच गर्दीत शिरली.

"एवढं काहून ओरडता जी? नवी नवरी दिसते," सुभद्रा म्हणाली. पण ऐकेल तर तो रुपराव कसला!

दुसरा दिवस गेला, चौथा गेला. बैलांची घुंगरं वाजली की तो उठून बघे आणि तोंड पाडून परत येई. पाचव्या दिवशी विहिरीवर त्याला वहिनी दिसली, पंचफुला. शेजारी तीच कोवळी बाई.

"वहिनी! भाऊ कुठं हाय? मी त्याची वाट पाहून राहिलो!"

"वाट पाहून राहिले होते, तर सुनेले हाकललं काहून, भाऊजी?" पंचफुला म्हणाली. "त्याइनंच तिले पुढं धाडलं होतं. म्हणे, नवी सून पाया पडली का रुप्या पाघळते. बंडीपाशी उभं राहून सारं पाहिलं त्याइनं."

रुपरावानं कपाळावर हात मारला. "मले काय माहीत! तिनं नाव काहून नाही सांगितलं?"

"सासऱ्याचं नाव घेईन का ती? तुमच्याच आईनं लावली ना ही रीत घराले?"

"मी आत्ता येतो त्याच्याकडं."

"ते त्याच दिवशी गावाले परतले. सुनेचा नवस होता म्हणून आम्ही थांबलो. तिकडं जाऊ नका, भाऊजी. म्हणाले, मी मेलो तरी त्याले कळवू नका."

समोर चुलतसासरा आहे, एवढंच सुनेनं पाहिलं. पदर सावरून ती वाकली. पंचफुलानं तिचा दंड धरला.

"नको वं. तुह्या मामाजीनं मनाई केली हाय."

दोघी भरल्या घागरी घेऊन निघून गेल्या. पाण्यासाठी खोळंबलेल्या बायांच्या देखत रुपराव ओक्साबोक्शी रडला.